ट्रेडमिलची मोटर कुणाशी झगडते?

ट्रेडमिल घ्यायचं ठरलं की पहिला आकडा कानावर पडतो तो एचपीचा, म्हणजे मोटरच्या हॉर्सपॉवरचा. अडीच, चार, पुढचं मॉडेल सहा! पण मोटरला नेमकं काय काम असतं, हे कुणी सांगत नाही.

पळतात ते आपले पाय. मोटरचं भांडण असतं पट्ट्याखालच्या फळीशी. पाय टेकला की पट्टा फळीवर दाबला जातो आणि घर्षण वाढतं. 80 किलोच्या माणसाचं वजन साधारण 785 न्यूटन. घर्षणांक, म्हणजे घर्षणाचा जोर दाबाच्या किती पट तो आकडा, 0.2 धरला तर पट्टा ओढायला सरासरी 157 न्यूटन जोर हवा. ताशी 10 किलोमीटर वेगाला त्याचे होतात सुमारे 435 वॅट. एक एचपी म्हणजे 746 वॅट. म्हणजे हे पाऊण एचपीसुद्धा नाही. मात्र पट्टा कोरडा पडून घर्षणांक दुप्पट झाला, तर हे ओझंही दुप्पट. पट्ट्याखाली वेळच्या वेळी सिलिकॉन ऑइल घालायचं ते यासाठी.

मग मोठी मोटर कशाला? कारण हा भार सलग नसतो. पळताना प्रत्येक पावलाला क्षणभर वजनाच्या दोन-तीन पट दाब येतो, आणि मोटरने त्या झटक्यातही वेग सोडायचा नसतो. जाहिरातीतला आकडा मात्र बहुधा ‘पीक’ एचपीचा, म्हणजे मोटर काही क्षणच देऊ शकेल तेवढ्या ताकदीचा. विचारायचा तो ‘कंटिन्युअस’ एचपी. मशीनवर चिकटवलेली पट्टीही वाचा. पत्रकात 4 एचपी आणि पट्टीवर 1500 वॅट असतील, तर सलग दोन एचपीच्या वर काही मिळणार नाही. पट्टी खोटं बोलत नाही, पत्रकाचं सांगता येत नाही.

गंमत म्हणजे मोटरची खरी परीक्षा पळताना नाही, सावकाश चालताना होते. जोर तेवढाच लागतो, म्हणून साध्या डीसी मोटरमध्ये करंट तेवढाच वाहतो. पण तिच्याच दांड्यावरचा पंखा मंद फिरतो, आणि मोटर तापते. वजनदार माणसाने ‘मला काय, फक्त चालायचंय’ म्हणून हलकं मशीन घेऊ नये. उलट चढ दिला तर मोटरचा भार कमी होतो: आपलंच वजन पट्ट्याला मागे ढकलतं. दम आपल्याला लागतो.

बाकी मापं सोपी आहेत. चालायला 120 सेंटिमीटर लांबीचा पट्टा पुरतो, पळायला 140च्या आसपास हवा. उंच माणसाला त्याहून जास्त. रोलर जाड असावेत, पट्टा कमी वाकतो आणि जास्त टिकतो. स्क्रीनवरच्या कॅलरी अंदाजे असतात, त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

घेण्यापूर्वी बूट घालून चढा. वेग अगदी कमी ठेवा आणि प्रत्येक टाच जोरात टेका. पट्टा पावलागणिक अडखळला, तर एचपी कितीही लिहिलेला असो, पुढचं मशीन बघा.