रात्रीची सायकलस्वारी : पाहणे आणि दिसणे

रात्रीची सायकलस्वारी : सूर्यास्तानंतर, उजाडण्यापूर्वी किंवा दाट धुक्यापावसात सायकल चालवताना स्वाराला रस्ता दिसावा आणि रस्त्यावरच्या इतरांना स्वार दिसावा, यासाठी वापरायची साधने व पाळायच्या सवयी यांचा विषय. यातली दोन कामे मुळातच वेगळी आहेत. रस्ता पाहायचा तर प्रकाश पुढे, जमिनीवर पडावा लागतो. दिसायचे तर तो दुसऱ्याच्या डोळ्यांपर्यंत पोचावा लागतो. एकच दिवा दोन्ही कामे करील असे धरून चालण्यात बहुतेक घोटाळे होतात. पुढे लख्ख झोत टाकणारा स्वार मागून पाहणाऱ्याला ठार काळोखात असू शकतो. उलट मागचा मिणमिणता लाल दिवा दुरून ओळखू येतो, पण त्या स्वाराला समोरचा खड्डा काही दाखवत नाही.

अंधारात सायकलवाल्याची सर्वांत मोठी फसगत त्याचे स्वतःचेच डोळे करतात. समोरून येणाऱ्या मोटारीचे दिवे त्याला अर्ध्या किलोमीटरवरून दिसतात. मला गाडी इतकी स्पष्ट दिसते म्हणजे गाडीवाल्यालाही मी दिसत असणार, असे त्याला वाटू लागते. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी असते. मोटारीचा दिवा स्वतः प्रकाशतो. गडद कपड्यांतला माणूस मात्र त्यावर पडलेला बहुतेक प्रकाश गिळून टाकतो. ताशी ५० किमी वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे १४ मीटर कापते. चालकाला भान येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा दीड सेकंद धरला तर २१ मीटर त्यातच संपतात, आणि कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकांनी थांबायला आणखी सुमारे १४ मीटर लागतात. म्हणजे एकूण ३५ मीटर. ताशी ८० किमीला हीच बेरीज ७० मीटरच्या आसपास जाते, आणि डिपरवर असलेल्या हेडलाइटमध्ये काळ्या कोटातला स्वार तेवढ्या अंतरावरून दिसण्याची आशा करू नये. अशा वेळी चालक कितीही सावध असला तरी त्याच्या हातात फारसे काही उरत नाही.

डोळा आणि रंग : दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशी असतात. शंकुपेशी भरपूर उजेडात रंग व बारकावे टिपतात, तर दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात पण रंग ओळखत नाहीत. उजेडातून अंधारात आल्यावर दंडपेशी पुरत्या जाग्या व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात. समोरून अप्परवर आलेली एक गाडी ती कमाई क्षणात घालवते. तिन्हीसांजेला लाल फुले काळपट पडतात आणि हिरवी पाने त्यांच्यापेक्षा उजळ भासू लागतात, हे निरीक्षण चेक शरीरक्रियावैज्ञानिक यान एव्हांगेलिस्टा पुर्किन्ये (१७८७–१८६९) यांनी नोंदवले. त्याला त्यांचेच नाव मिळाले आहे. दंडपेशींना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही, हे त्यामागचे कारण. दिवसा डोळ्यांत भरणारा लालभडक शर्ट रात्री काळ्यात जमा होतो तो यामुळे. लाल दिव्याची गोष्ट निराळी, कारण तो स्वतःच प्रकाश देतो.

वयाचाही भाग असतो. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. रस्त्यावर स्टिअरिंगमागे बसलेला प्रत्येक जण विशीतला नसतो, हे सायकलवाल्याने लक्षात ठेवलेले बरे. अ-जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारा रातांधळेपणा किंवा चष्म्याचा चुकलेला नंबर स्वाराच्या स्वतःच्या बाबतीतही तपासण्यासारखा आहे.

कपड्यांबाबत एक गैरसमज इतका पसरलेला आहे की तो वेगळा सांगायला हवा. झगझगीत पिवळे किंवा नारिंगी जाकीट हे दिवसाचे साधन आहे. त्यातली प्रतिदीप्त रंगद्रव्ये सूर्यप्रकाशातले अदृश्य जंबुपार किरण शोषून त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतात. ढगाळ दुपारी आणि सांजवेळेला ती अप्रतिम चमकतात. रात्री मात्र हेडलाइटच्या किंवा रस्त्यावरच्या सोडियम दिव्याच्या प्रकाशात जंबुपार किरण नगण्य असतात, त्यामुळे जाकिटाची ती जादू ओसरते आणि उरतो साधा फिकट कापड. गडद रंगापेक्षा तो बरा, एवढेच. अशा जाकिटावर शिवलेल्या, प्रकाश परतवणाऱ्या करड्या पट्ट्याच रात्रीचे खरे काम करतात.

रिफ्लेक्टर : आरसा प्रकाश दुसरीकडे फेकतो, पांढरा कागद तो चहूकडे विखुरतो, रिफ्लेक्टर मात्र प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवतो. सायकलच्या लाल चकतीत एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन पृष्ठभागांचे असंख्य इवलेसे कोपरे साच्यात उठवलेले असतात. त्यात शिरलेला किरण तीनदा आपटून आल्या वाटेने फिरतो. कापडी पट्ट्यांत हेच काम काचेचे सूक्ष्म मणी करतात. ब्रिटनच्या पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये पेटंट घेतलेले, रस्त्याच्या मध्यावर ठोकायचे ‘मांजराचे डोळे’ही याच कुळातले.

हे घरच्या घरी पडताळून पाहता येते. काळोखात वीसेक पावलांवर रिफ्लेक्टर ठेवावा आणि टॉर्च कानशिलाला टेकवून त्यावर मारावा. चकती पेटल्यासारखी दिसते. आता टॉर्च तसाच रोखलेला ठेवून हात खाली, मांडीपर्यंत नेला की चमक झपकन उतरते, कारण परतलेला प्रकाश टॉर्चकडे जातो, डोळ्यांकडे नाही. मोटारीत हेडलाइट आणि चालकाचे डोळे यांत उंचीचे अंतर थोडे असते. ट्रकचा चालक मात्र दिव्यांच्या बराच वर बसलेला असतो. त्याच रिफ्लेक्टरमधून त्याच्या वाट्याला कमी प्रकाश येतो, आणि सायकलवाल्याने ज्याला सर्वांत जास्त भ्यावे ते वाहन नेमके हेच.

दुसरी मर्यादा दिशेची. रिफ्लेक्टर दुसऱ्याच्या दिव्यावर जगतो. आडरस्त्याने चौकाकडे येणाऱ्या गाडीचे दिवे सायकलवर पडतात तेव्हा सायकल तिच्या अगदी समोर आलेली असते. चाकातले रिफ्लेक्टर त्या क्षणी छान चमकतात, पण चमकून उपयोगाची वेळ टळलेली असते. म्हणून पुढच्या पांढऱ्या रिफ्लेक्टरला दिव्याची जागा देणे धोक्याचे आहे. मागून येणाऱ्या गाडीचे दिवे सरळ पाठीवर पडतात, तेव्हा मागचा लाल रिफ्लेक्टर उपयोगी खराच. दिव्याची बॅटरी संपली तरी तो कामावर असतो, फक्त चिखलाने माखलेला नसावा.

हलणारे पाय : स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसाच्या मुख्य सांध्यांवर प्रकाशाचे ठिपके लावून बाकी सारे अंधारात ठेवले. ठिपके स्थिर असताना पाहणाऱ्यांना त्यांतून काहीच बोध होईना. माणूस चालू लागताच क्षणार्धात ‘हा माणूस आहे’ हे ओळखू आले. सजीवाच्या हालचालीची ही ओळख मेंदूत इतकी खोल रुजलेली आहे की तिला विचार करावा लागत नाही.

सायकलवाल्यासाठी यातून निघणारा निष्कर्ष स्वस्त आणि परिणामकारक आहे. पाठीवरचा चमकता पट्टा चालकाला ‘काहीतरी आहे’ एवढेच सांगतो; ते कुंपण असेल, फलक असेल, उभी हातगाडी असेल. घोटा आणि गुडघा यांवर बांधलेली पट्टी वर-खाली होते आणि ‘कोणीतरी पॅडल मारत पुढे चालले आहे’ असे सांगते. रात्रीच्या रस्त्यावर चालकाला नुसते दिसून भागत नाही. दिसले ते काय आहे आणि कुठे चालले आहे हे कळले तरच त्याचा पाय ब्रेककडे वळतो. म्हणून पट्ट्यांची एकच जोडी घ्यायची झाली तर ती घोट्यांना बांधावी, असे या नोंदीचे मत आहे. साखळीत अडकू पाहणारी विजारही त्याने आवरली जाते. पॅडलवरचे रिफ्लेक्टर हेच काम करतात. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर १९८५ पासून बनलेल्या सायकलींना रात्री ते पिवळसर रंगाचे सक्तीचे आहेत. बूट अडकवायच्या शर्यतीच्या पॅडलवर मात्र त्यांना बसायला जागाच नसते. टायरच्या कडेला असलेला पांढरा परावर्ती पट्टा बाजूने पाहता दोन वर्तुळे दाखवतो. दोन वर्तुळे म्हणजे सायकल, हे कोणाला समजावावे लागत नाही.

दिवे : एकोणिसाव्या शतकात सायकलला तेलाचे दिवे असत. त्या शतकाच्या अखेरीस कार्बाइडचे दिवे आले. त्यात कॅल्शियम कार्बाइडवर थेंबथेंब पाणी पडून ॲसिटिलीन वायू निघे आणि तो पांढरट, प्रखर ज्योतीने जळे. पुढे टायरला घासून फिरणारा डायनामो आला, तर १९३६ मध्ये स्टर्मी-आर्चर कंपनीने चाकाच्या तुंब्यातच (मधल्या हबमध्येच) बसवलेला डायनामो बाजारात आणला. ६ व्होल्ट, ३ वॉट हे डायनामोचे माप आजही चालते. साध्या बल्बच्या काळात त्यातून पिवळट डाग पडे आणि सायकल थांबली की दिवाही विझे, तोही चौकात थांबल्यावर, म्हणजे नको त्या जागी. एलईडीमुळे तेवढ्याच विजेत कितीतरी जास्त उजेड पडू लागला, आणि धारित्रात (कपॅसिटरमध्ये) साठवलेल्या विजेवर थांबल्यानंतरही दिवा काही मिनिटे तेवत राहतो.

कायद्याचा इतिहास दिसतो त्यापेक्षा वादग्रस्त आहे. ब्रिटनच्या १८८८ च्या स्थानिक शासन कायद्याने सायकलला वाहन ठरवले आणि सूर्यास्तानंतर एक तासापासून सूर्योदयापूर्वी एक तासापर्यंत दिवा सक्तीचा केला. मागच्या लाल दिव्याला मात्र तिथल्या सायकलस्वारांच्या संघटनांनी दीर्घकाळ विरोध केला. समोर काय आहे ते पाहून थांबणे ही मागून येणाऱ्याची जबाबदारी. मागचा दिवा सक्तीचा केला की ती सायकलवाल्याच्या गळ्यात पडेल, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या महायुद्धातल्या दिवेबंदीत हा विरोध टिकला नाही. तत्त्व म्हणून ते म्हणणे आजही खोडून काढणे कठीण आहे; पण तत्त्व काळोखात चमकत नाही. रस्ता वाहतुकीबाबतच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात सायकलला पुढे पांढरा किंवा पिवळा दिवा, मागे लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर यांची तरतूद आहे.

दिवा घेताना खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा फसवा ठरतो. तो एकूण प्रकाश सांगतो, प्रकाश कुठे पडतो ते नाही. गोल झोताचा दिवा अर्धा उजेड झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत उधळतो. मोटारीच्या डिपरसारखी वरची कड कापलेला झोत त्याहून कमी ल्युमेनमध्ये चांगला रस्ता दाखवतो. ताशी २५ किमी वेगाला सायकल सेकंदाला सुमारे ७ मीटर जाते. भान आणि ब्रेक मिळून १६-१७ मीटर लागतात. तेव्हा निदान २० मीटरपर्यंतची जमीन नीट उजळावी.

दिवा कुठे लावला याचाही फरक पडतो. हँडलवर किंवा त्याखाली लावलेल्या दिव्याचा प्रकाश रस्त्यावर तिरपा पडतो, खडे-खड्ड्यांच्या सावल्या लांबतात आणि रस्त्याचा पोत वाचता येतो. हेल्मेटवरचा दिवा डोळ्यांच्या जवळच असल्याने सावल्या खड्ड्याआड लपतात आणि तोच रस्ता सपाट चादरीसारखा भासतो. वळणावर नजर जाईल तिथे उजेड नेणे, पंक्चर काढणे याला तो उत्तम. मात्र समोरच्याशी बोलायला मान वळवली की त्याचे डोळे दिपतात.

लुकलुकणाऱ्या दिव्याबद्दल देशोदेशी एकमत नाही. ब्रिटनने २००५ मध्ये त्याला मुभा दिली, मिनिटाला ६० ते २४० वेळा या मर्यादेत. जर्मनीत सायकलला तो चालत नाही. लुकलुक लक्ष वेधते हे खरे, पण अंतर आणि वेग यांचा अंदाज बिघडवते. मिनिटाला ६० च्या गतीने लुकलुकणाऱ्या दिव्याच्या दोन झबक्यांदरम्यान ताशी ५० किमीची गाडी १४ मीटर पुढे आलेली असते. एक स्थिर आणि एक लुकलुकता असे दोन लाल दिवे लावणे हा समंजस मधला मार्ग. एक बंद पडला तर दुसरा असतोच.

चालवताना : कडेला चिकटून चालणे रात्री सुरक्षित वाटते, पण गटाराची झाकणे, फुटलेली काच आणि तुटलेली कड तिथेच असते, आणि उभ्या गाड्यांच्या ओळीत स्वार हरवून जातो. काठापासून जरा आत, सरळ रेषेत चालावे. समोरून अप्पर आला तर दिव्याकडे न बघता रस्त्याच्या आपल्या बाजूच्या कडेकडे बघावे आणि वेग उतरवावा. ओल्या डांबरावर प्रकाश आरशासारखा पुढे घसरून जातो, परत येत नाही. चांगला दिवाही तेव्हा दुबळा वाटतो आणि डबके किती खोल हे त्यावरून कळत नाही.

निघण्यापूर्वीची तपासणी दोघांनी करावी. एकाने नेहमीचा कोट घालून, नेहमीचे सामान लादून सायकलवर बसावे, दुसऱ्याने पन्नास पावले मागे जाऊन टॉर्च कानशिलाला लावून पाहावे. बऱ्याचदा असे आढळते की मागचा दिवा चालू आहे, चार्जही पुरेसा आहे, फक्त तो कोटाच्या घोळाआड गेलेला आहे; आणि रिफ्लेक्टर कॅरिअरवरून लोंबणाऱ्या पिशवीच्या मागे आहे.