लाकडी बुद्धमूर्ती: हातकोरीव कुठली, सीएनसीची कुठली?

बुद्धपौर्णिमा किंवा १४ एप्रिल जवळ आला की सांगली-मिरजेत लाकडी बुद्धमूर्तींची विचारपूस सुरू होते. कुणाला विहारासाठी हवी असते, कुणाला वास्तुशांतीला भेट द्यायला, कुणाला नुसतीच हॉलच्या कोनाड्यात ठेवायला. दुकानात दोन मूर्ती शेजारीशेजारी दिसतात. दोन्ही सागवानी, फूटभर उंच, ध्यानमुद्रेतल्या. किंमत मात्र एकीची दुसरीच्या कैकपट. विचारलं तर दोन्ही ‘हँडमेड’! दुकानदार यात सपशेल खोटं बोलतो असंही नाही. मशीनमधून निघालेल्या मूर्तीला पॉलिश पेपर मारणारा, डाग देणारा, लॅकर फवारणारा माणूसच असतो. प्रश्न एवढाच की मूर्तीचा आकार कशाने निघाला, पटाशीने की संगणकाने चालणाऱ्या सीएनसी मशीनच्या, म्हणजे राउटरच्या, फिरत्या बिटाने.

रेझिनच्या मूर्ती या वादात धरतच नाही, कारण त्या ओळखणं सोपं आहे. मूर्ती उलटी करा. खऱ्या लाकडाच्या तळाशी वाढीच्या वर्तुळांचे तुकडे दिसतात आणि त्याच रेषा कडेवरून चढून अंगावर येतात. रेझिनवर रेषा रंगवलेल्या असल्यामुळे कडेपाशी त्यांचा मेळ बसत नाही.

सीएनसी म्हणजे काय हे आपल्याकडे समजावून सांगायला नको. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत ओळखीचं कुणीतरी त्यावर काम करतच असतं. फरक इतकाच की इथे लोखंडाऐवजी लाकूड असतं. संगणकात मूर्तीची त्रिमितीय फाइल, टेबलावर आवळून बसवलेला ठोकळा आणि वरून खाली येणारं फिरतं बिट. शेत नांगरताना तासाला तास लागून जावा तसं ते बिट ठोकळ्यावरून येरझाऱ्या घालतं. आधी जाड बिटाने ढोबळ माल काढतात, मग गोल टोकाच्या बारीक बिटाने फिनिशिंग करतात. फिनिशिंगच्या दोन ओळींमधलं अंतर साधारण बिटाच्या व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढं ठेवतात, म्हणजे बिट ३ मिमीचं असेल तर ०.३ मिमी. सपाट भागावरच्या या ओळी पॉलिश पेपरने सहज जातात. नाकाच्या बाजूला, मांडीच्या उभ्या उतारावर, पद्मासनाच्या पाकळ्यांच्या फटीत मात्र पेपर नीट फिरत नाही आणि तिथे त्या बारीक पायऱ्या राहून जातात. मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता अगदी कडेने, आडवा धरा. समान अंतराच्या समांतर रेघा दिसल्या तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही.

हाताने कोरणाऱ्याची सुरुवात ठोकळ्याच्या आधी, ओंडक्यापाशी होते. गाठ कुठे आहे, गाभा कुठून गेलाय, पांढरं कच्चं लाकूड किती आहे हे बघून तो ठोकळा फिरवून घेतो, म्हणजे गाठ पाठीकडे किंवा बैठकीखाली जाईल. मग समोरून आणि बाजूने रेखाटन, करवतीने कोपरे उडवणं, वाकसाने ढोबळ रूप, आणि त्यानंतर पटाश्या, सरळ आणि गोल, मोगरीच्या ठोक्यावर. नाक शेवटपर्यंत जाड ठेवतात आणि डोळे बारीक. नाक नंतर कमी करता येतं, वाढवता येत नाही. डोळ्याचं उलट. मशीनला ही भीती नसते. बिघडलं तर ठोकळा बदलून फाइल पुन्हा चालवायची.

गाठीची गोष्ट खरेदी करताना फार कामाला येते. गालावर किंवा कपाळावर मधोमध गाठ आली असेल तर तो ठोकळा कोरणाऱ्याने न्याहाळलेला नाही असं खुशाल समजा. अर्थात मशीनचा ऑपरेटरही जाणकार असेल तर ठोकळा बघून लावतो. पण दिवसाला ठरावीक नग काढायचे असतात तिथे एवढी फुरसत कुणाला?

आता मूर्तीवरच्या तीन-चार जागा जवळून बघू.

पहिली जागा दंड आणि कंबर यांच्यामधली. ध्यानमुद्रेत हात मांडीवर आले की कोपर आणि कमरेच्या मध्ये आरपार पोकळी राहते. साध्या तीन अक्षांच्या राउटरचं बिट फक्त वरून येतं, त्यामुळे आडोशाचं लाकूड त्याला काढता येत नाही. ठोकळा गोल फिरवणाऱ्या चार अक्षांच्या मशीनवर मूर्ती चहूबाजूंनी निघते, तरी अशा पोकळ्या अवघडच जातात. पाच अक्षांचं मशीन बरंच काही करतं, पण त्या भांडवलात फूटभर मूर्ती विकणं परवडायला हवं. म्हणून मशीनच्या मूर्तीत ही पोकळी बहुधा बुजलेली असते, नाहीतर एक उथळ खळगा असतो. लांब कानाची पाळीही तशीच: हातकोरीव कामात ती मानेपासून सुटलेली असू शकते, मशीनमध्ये मानेला चिकटून उतरते. भिंतीवरच्या उठावाच्या पॅनेलला ही परीक्षा लागू पडत नाही, कारण तिथे सगळं वरूनच कोरायचं असतं. तीन अक्षांच्या मशीनचं खरं राज्य तिथेच आहे. ‘हातकोरीव पॅनेल’ असं ऐकलं की मी तरी दोनदा बघतो.

दुसरी जागा केसांची. बुद्धांच्या डोक्यावर उजवीकडे वळलेल्या लहान कुरळ्या बटा आणि वर उष्णीष, म्हणजे माथ्यावरचा उंचवटा. हाताने शेकडो बटा कोरताना त्या सारख्या येतच नाहीत. समोरच्या नेटक्या, कानामागच्या जरा घाईच्या, उष्णीषाच्या चढावर ओळ किंचित सरकलेली. मशीनच्या फाइलमध्ये बऱ्याचदा एकच बट नकलून सगळीकडे बसवलेली असते. पण फाइल जर हातकोरीव मूर्ती स्कॅन करून तयार केलेली असेल तर हा वेडावाकडेपणासुद्धा तसाच उतरतो. अशा वेळी दुकानात त्याच मापाची दुसरी मूर्ती मागा. दोन्हींच्या डाव्या कानामागची तीच बट तशीच वाकडी असेल तर उत्तर मिळालं.

तिसरी जागा कोपऱ्यांची. पापण्या जिथे मिळतात, ओठ जिथे संपतात, चीवराची (अंगावरच्या वस्त्राची) कड जिथे छातीला टेकते. गोल टोकाच्या बिटाने आतला कोपरा त्याच्या गोलाईपेक्षा टोकदार होत नाही. पटाशीचा कोपरा सुईसारखा संपतो. नजर तयार करायची असेल तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एक चक्कर मारा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बातम्या भोपळ्याच्या आणि सुरांच्या झाल्या, पण तिथल्या लाकूडकामाकडेही बघण्यासारखं आहे. भोपळ्यावर बसवलेल्या लाकडी पानांची शीर देठाला कशी मिळते ते बोटाने चाचपून बघा. मग मूर्तीच्या पापणीवरून नख फिरवलं की फरक लगेच कळतो.

शेवटची जागा पृष्ठभागाची. धारदार पटाशीने तंतू स्वच्छ कापले जातात, त्यामुळे पेपर न मारलेल्या भागावर, विशेषतः पाठीवर आणि बैठकीच्या खाली, छोटे चकचकीत पैलू राहतात. फिरत्या बिटाने आडव्या कापावर तंतू उसवतात, लव राहते, मग पेपर मारावाच लागतो आणि सगळीकडे एकसारखा मऊ, निस्तेज पोत येतो. हातकोरीव मूर्तीलाही पेपर मारतात हे खरं, पण पाठीमागे सहसा कुणी तेवढी मेहनत घेत नाही. म्हणून चेहरा शेवटी बघा, पाठ आधी.

हत्याराच्या खुणा ठेवाव्यात की पुसाव्यात यावर जगभर दोन मतं आहेत. जपानमध्ये सतराव्या शतकातल्या एन्कू या भिक्षूने हजारो मूर्ती कोरल्या आणि कुऱ्हाड-पटाशीचे घाव तसेच ठेवले. तीच त्यांची शोभा. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला मात्र गुळगुळीत हवं असतं.

तसाच आपला दुसरा हट्ट ‘अखंड लाकडाची’ मूर्ती हवी हा. जोड दिसला की मूर्ती बाद! क्योतोजवळच्या उजी गावात ब्योदो-इन विहारातली १०५३ सालची अमिदा बुद्धांची मूर्ती जोचो या शिल्पकाराने अनेक ठोकळे जोडून केली. जोडकामाचा तो आदर्श नमुना मानतात. जोडाची कारणं दोन. लाकूड वाळताना वर्तुळांच्या दिशेने जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून बाहेरच्या दिशेने आकसतं. ही ओढाताण गाभ्यासकट घेतलेल्या जाड ओंडक्याला चिरते. म्हणूनच जपानी कारागीर ठोकळे जोडून मूर्ती करत आणि ती आतून पोखरून घेत. दुसरं कारण मुद्रेचं. लाकूड रेषेच्या दिशेने मजबूत, आडवं ठिसूळ. भूमिस्पर्श मुद्रेतला उजवा हात खाली येतो, ठोकळ्याची रेषाही उभी, सगळं जुळतं. ध्यानमुद्रेतली बोटं आडवी असतात, पण मांडीचा आधार असतो. धर्मचक्र मुद्रेत बोटं छातीसमोर मोकळी आणि बरीचशी आडवी येतात. उभ्या रेषेच्या अखंड ठोकळ्यातून ती काढली तर पुसताना फडकं अडकूनही तुटतील. उभ्या मूर्तीचा पुढे आलेला हात वेगळ्या तुकड्यातून, रेषा बोटांच्या दिशेने ठेवून कोरला आणि जोडला असेल तर तो कारागीर शहाणा आहे. जोड स्वच्छ आहे का, भुसा आणि फेव्हिकॉल कालवून फट बुजवलीय का, एवढंच तपासा.

लाकडावरूनही थोडा अंदाज येतो. हाताने कोरणाऱ्याला शिवण आवडतं, मऊ आणि कमी हलणारं. साग टिकाऊ, पण पटाशीची धार खातो. बाजारात येणाऱ्या इंडोनेशियाच्या मूर्ती पुष्कळदा ‘सुआर’ लाकडाच्या असतात. ते झाड म्हणजे आपल्या रस्त्याकडेचा पर्जन्यवृक्ष. त्याचं आतलं लाकूड गर्द तपकिरी, कडेचं फिकट, म्हणून त्या मूर्ती दुरंगी दिसतात. एमडीएफवर, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळ्यावर, मात्र हाताने कोणी मूर्ती कोरत नाही. त्याला रेषाच नसते.

सगळ्यात जास्त घोळ मिश्र कामाचा. ढोबळ रूप मशीनवर, चेहरा आणि बोटं हाताने. मला यात गैर काही वाटत नाही. वाकसाचं खांदेमोड काम मशीनने केलं आणि वाचलेले दिवस कारागिराने पापण्यांवर घातले तर मूर्ती चांगलीच होते. उलट, हाताने कोरलेली पण डोळे सुजल्यासारखे, हनुवटी कललेली अशी मूर्ती विहारात ठेवण्यापेक्षा चांगल्या फाइलची मशीनमूर्ती केव्हाही बरी. तक्रार फक्त मशीनच्या मूर्तीचे हातकोरीव दाम लावण्याला आहे. त्यामुळे बिलावर लाकडाचं नाव, अखंड की जोड, आणि कोरीव काम कशाने, हे तीन शब्द लिहून मागा. लिहायला टाळाटाळ झाली की भाव करायला हरकत नाही.

मूर्ती कशीही कोरलेली असो, एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाने तिला बारीक भेग पडू शकते. लगेच लुकण (फट बुजवायचा लगदा) भरायला धावू नका. पावसाळी दमटपणात लाकूड फुगून भेग बरीचशी मिटते, आणि मध्ये कडक झालेलं लुकण कडांना रेटून ती उलट लांबवतं. एक पूर्ण वर्ष जाऊ द्या. भेग तेवढीच राहिली तर त्याच लाकडाची बारीक पाचर, रेषेला रेष जुळवून, बसवून घ्या.