अलेक्झांडर गिब्सन

अलेक्झांडर गिब्सन (२४ ऑक्टोबर १८०० – १६ जानेवारी १८६७) हे स्कॉटिश शल्यचिकित्सक आणि वनस्पतितज्ज्ञ. पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी वनस्पती उद्यानाचे अधीक्षक आणि पुढे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून त्यांनी काम केले. सह्याद्री आणि कोकणातल्या वनस्पतींची शास्त्रीय नोंद ज्या मोजक्या लोकांनी घातलेल्या पायावर उभी आहे, त्यांत गिब्सन यांचे नाव वरचे आहे. महाराष्ट्रात ते आज फारसे कोणाच्या ओठांवर नाही.

गिब्सन यांचा जन्म स्कॉटलंडच्या पूर्व भागातील किंकार्डिनशायरमध्ये झाला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी एडिंबरोला घेतले. तिथे वैद्यकीच्या विद्यार्थ्याला वनस्पतिशास्त्रही शिकावे लागे, कारण तेव्हाची बहुतेक औषधे झाडपाल्याचीच होती. विल्यम रॉक्सबर्ग, रॉबर्ट वाइट, ह्यू फाल्कनर असे भारतातल्या वनस्पतींवर आयुष्य घालवलेले कितीतरी स्कॉटिश डॉक्टर याच मुशीतून आले. गिब्सन ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेतून मुंबई इलाख्यात आले आणि दख्खन व खानदेशात देवीची लस टोचण्याच्या कामावर नेमले गेले. वनस्पती गोळा करणाऱ्या माणसाला याहून चांगली नोकरी मिळाली नसती. लस टोचायची तर गावोगाव मुक्काम करावा लागे, लोकांची भाषा बोलावी लागे, त्यांचा विश्वास कमवावा लागे. गिब्सन मराठी, गुजराती आणि हिंदुस्थानी शिकले. शेती कशी होते, कुठल्या झाडाचा काय उपयोग, जंगल कुठे होते आणि आता कुठवर मागे हटले आहे, हे सारे त्यांना या फिरतीतच कळत गेले. पुढे वनखात्यात त्यांनी जे लिहिले, त्याची मुळे या वाटांवर आहेत.

दापोडीची जागा मुळा आणि पवना या नद्यांच्या संगमाजवळची. पेशव्यांच्या कवायती पलटणीचा अधिकारी कॅप्टन फोर्ड याचा तिथे बंगला होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई सुरू असताना त्याची पलटण दापोडीहूनच इंग्रजांच्या मदतीला गेली होती. पुढे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात हा बंगला गव्हर्नरांच्या निवासासाठी घेण्यात आला आणि १८२८ मध्ये त्याच्या आवारात वनस्पती उद्यान सुरू झाले. चार्ल्स लश यांच्यानंतर १८३८ मध्ये उद्यानाची सूत्रे गिब्सन यांच्याकडे आली. शोभेची झाडे तिथे होतीच, पण सरकारला त्या बागेकडून हवे होते ते नगदी आणि औषधी पिकांचे प्रयोग. विलायतेहून येणारी औषधे महाग पडत आणि लांबच्या प्रवासात त्यांचा गुणही उतरे. म्हणून गिब्सन यांनी जुन्नरजवळ हिवरे येथेही बाग चालवली आणि सोनामुखी, खुरासानी ओवा यांसारख्या वनस्पती लावून दवाखान्यांसाठी औषधे तयार केली.

दापोडीच्या बागेतली सर्वांत सुंदर गोष्ट कागदावर टिकली आहे. १८४७ ते १८५० या काळात गिब्सन यांनी एका चित्रकाराकडून बागेतल्या आणि परिसरातल्या वनस्पतींची चित्रे काढून घेतली. अशी दीडशेहून अधिक चित्रे आज एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत. हेन्री नॉल्टी यांनी त्यांचा अभ्यास करून २००२ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. या चित्रांत परदेशातून आणून लावलेली बागेतली फुले आणि इथली रानफुले शेजारी शेजारी भेटतात. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढीच त्याची ओळख कागदोपत्री उरली. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. वनस्पतींचे नाव अचूक लागावे म्हणून केवढा खटाटोप चाले! ज्याच्या हातून ही पाने रंगली त्याच्या नावासाठी मात्र एक ओळही खर्ची पडली नाही, ही चुटपुट ही चित्रे पाहताना राहतेच.

१८४७ मध्ये मुंबई सरकारने गिब्सन यांना वनसंरक्षक नेमले. मद्रास इलाख्यात ह्यू क्लेगहॉर्न यांची अशी नेमणूक १८५६ मध्ये झाली आणि साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी डीट्रिख ब्रांडिस यांच्याकडे वनखाते सोपवले गेले ते १८६४ मध्ये. म्हणजे सरकारी वनव्यवस्थेच्या आरंभी मुंबई इलाखा पुढे होता. त्याचे तातडीचे कारण जहाजबांधणी. मुंबईच्या गोदीला सागवान लागे आणि कोकणातला चांगला साग झपाट्याने संपत आला होता. गिब्सन मात्र लाकडाच्या हिशेबावर थांबले नाहीत. डोंगर उघडा पडला की पावसात माती वाहून जाते, खाड्या गाळाने भरतात, झरे आटतात, हे त्यांनी सरकारपुढे पुन्हा पुन्हा मांडले. झाडे गेल्याने पाऊसही कमी होतो असे त्या काळच्या अनेक अभ्यासकांना वाटे आणि सरकारने गिब्सन यांच्याकडून त्याची माहिती मागवली होती. पावसाबद्दलचा दावा सिद्ध करणे अवघड होते. माती आणि पाण्याबद्दल ते जे म्हणत होते, ते उन्हाळ्यात कोकणातल्या कुठल्याही बोडक्या डोंगराखालच्या गावात आजही पाहायला मिळते.

या कामाची दुसरी बाजूही सांगायला हवी. डोंगरउतारावरची झाडे तोडून, जाळून त्या राखेत नाचणी-वरी पेरण्याच्या कुमरी किंवा दळी पद्धतीला गिब्सन यांचा विरोध होता. सरकारी बंधने येत गेली तशी त्यांची झळ याच शेतीवर जगणाऱ्या डोंगरी लोकांना बसली. गोदीसाठी पडलेल्या सागाच्या मानाने त्यांच्या कोयत्याचा दोष किती होता, हा प्रश्न वसाहतकाळातल्या वनधोरणाने कधी नीट विचारलाच नाही. गिब्सन यांच्या कळकळीबद्दल शंका नाही. पण ते ज्या सरकारचे नोकर होते त्याची गरज आणि जंगलाची गरज एकच नव्हती.

गिब्सन १८६० मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या जागी आले निकोल अलेक्झांडर डॅलझेल, तेही स्कॉटिश, मूळचे एडिंबरोचे. दोघांनी मिळून लिहिलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये मुंबईत छापला गेला. त्याआधी जॉन ग्रॅहॅम या आणखी एका स्कॉटिश माणसाने, नोकरीने टपालखात्यातल्या अधिकाऱ्याने, मुंबई परिसरातील वनस्पतींची सूची केली होती. १८३९ मध्ये ती छापून होत असतानाच खंडाळ्याला त्यांचा मृत्यू झाला. सूची आणि वर्णनग्रंथ यांत फरक आहे. ‘बॉम्बे फ्लोरा’मध्ये इलाख्यात तोवर सापडलेल्या देशी वनस्पतींची थोडक्यात शास्त्रीय वर्णने आहेत आणि बाहेरून आणलेल्या वनस्पतींची पुरवणी जोडलेली आहे. थिओडोर कुक यांचा विस्तृत ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात येईपर्यंत चाळीस वर्षे अभ्यासकांची भिस्त याच पुस्तकावर होती.

नव्या जातींची वर्णने करण्यात डॅलझेल यांचा हात अधिक चालला. १८६५ मध्ये त्यांनी ‘फ्रेरिया इंडिका’ या वनस्पतीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि प्रजातीला गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचे नाव दिले. मराठीत हीच शिंदळ माकडी. जगात ती फक्त महाराष्ट्रात, शिवनेरीसारख्या मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर सापडते. कातळाच्या भेगेतून मांसल खोडे खाली लोंबतात. पावसाळ्यात त्यांना पाने फुटतात आणि पुढे कोरड्या दिवसांत ती गळून जातात. फूल जेमतेम दोन सेंटिमीटरचे, पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखे, गडद किरमिजी रंगावर पिवळ्या खुणा असलेले. कड्याखाली उभे राहून शोधले तरी ते चटकन नजरेस पडत नाही.

दापोडीची बाग १८६५ मध्ये बंद झाली. गव्हर्नरांचा मुक्काम गणेशखिंडीतल्या नव्या वाड्यात गेला, जिथे आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. १८७३ मध्ये गणेशखिंडीतच नवे वनस्पती उद्यान सुरू झाले. तिथले अधीक्षक जॉर्ज मार्शल वुड्रो हेही स्कॉटिशच.