पार्श्वभूमी : कम्युनिटी कॉलेजबद्दलची अढी आली कुठून?

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजला, म्हणजे बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजला, ‘तेरावी’ (शाळेचीच पुढची इयत्ता) म्हणून हिणवण्याची पद्धत जुनी आहे. फी कमी, प्रवेश जवळजवळ सर्वांना खुला, तरीही तिथे नाव घालताना अनेक विद्यार्थी कचरतात. याचा दोष मुलांना देणे अन्यायाचे आहे. ही अढी व्यवस्थेनेच घडवली.

1901 मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएट इथे हायस्कूलमध्येच सहा विद्यार्थ्यांचे ज्युनियर कॉलेज सुरू झाले (आपली अकरावी-बारावी नव्हे; कम्युनिटी कॉलेजचेच हे जुने नाव). कल्पना शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांची, तर जोलिएटच्या शाळांचे प्रमुख जे. स्टॅनली ब्राऊन यांनी ती राबवली. पदवीची पहिली दोन वर्षे बाहेर शिकवली गेली तर विद्यापीठाला वरचे शिक्षण आणि संशोधन यांकडे लक्ष देता येईल, हा हार्पर यांचा हिशेब. घर विद्यापीठाचे, ही त्याची ओसरी.

दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांनी कॉलेजे भरली. 1947 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगाने गावोगाव मोफत कम्युनिटी कॉलेजे मागितली. हेतू उदार होता. पण 1960 च्या कॅलिफोर्नियाच्या उच्च शिक्षण आराखड्याने उतरंड पक्की केली: वरच्या साडेबारा टक्क्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशांना राज्य महाविद्यालये, कम्युनिटी कॉलेज सर्वांना. ‘सर्वांना’ म्हणजे ‘उरलेल्यांना’ असेच मुलांनी ऐकले, आणि त्यांचे चुकले असे मला वाटत नाही. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी सॅन होजेच्या कॉलेजचा अभ्यास करून दाखवले, की चार वर्षांच्या पदवीची उमेद घेऊन आलेल्यांना समुपदेशनातून हळूहळू छोट्या अभ्यासक्रमांकडे वळवले जाते.

आजही तिथल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना पुढे पदवी हवी असते, पण विद्यापीठापर्यंत सुमारे एक तृतीयांशच पोचतात. पोचल्यावरही काही क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक) धरले जात नाहीत आणि तेच विषय पुन्हा शिकावे लागतात. आपल्याकडे डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तिथे पुढची वाट कॉलेजागणिक बदलते.

जिथे ती स्पष्ट आहे तिथे मुलांचे मतही बदलते. कॅलिफोर्नियात ठरलेले विषय आणि गुण पूर्ण केले, की युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा कॅम्पसपैकी एकात हमखास प्रवेश मिळवता येतो. क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजातून असे पुढे जाणारे पुष्कळ. नर्सिंगचे उदाहरण त्याहून बोलके. 1950 च्या दशकात मिल्ड्रेड माँटॅग यांनी आखलेल्या दोन वर्षांच्या पदवीनंतर परवान्याची परीक्षा चार वर्षेवाल्यांचीच द्यायची असते. या अभ्यासक्रमाला अनेक कॉलेजांत प्रतीक्षायादी लागते.