घरगुती संगणकातील हार्डवेअर दोषांचे निदान

घरातला संगणक बिघडल्यावर, कोणताही भाग बदलण्याआधी दोष नेमका कोणत्या भागात आहे हे ठरवण्याची पद्धत. डेस्कटॉपमध्ये एसएमपीएस (वीजपुरवठ्याची पेटी), मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि असल्यास ग्राफिक्स कार्ड असे मोजकेच सुटे होणारे भाग असतात, म्हणून हे काम घरीही करता येते. खरी अडचण अशी की लक्षण एका भागात दिसते आणि मूळ दुसरीकडेच असते. रॅम खराब असेल तर विंडोज टाकताना फायली कॉपी होत नाहीत आणि बोल पेन ड्राइव्हला लागतो. एसएमपीएस थकला असेल तर गेम सुरू होताच संगणक बंद पडतो आणि लोक नवे ग्राफिक्स कार्ड घेऊन येतात. ‘एकदा फॉरमॅट मारून बघू’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणूनच घातक आहे. त्याने दोष सापडत नाही, उलट घरातले फोटो आणि कागदपत्रे जातात, आणि विंडोजने आपल्या नोंदवहीत लिहून ठेवलेले पुरावेही पुसले जातात.

ही नोंदवही म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर. संगणक चालू होत असेल तर सुरुवात तिथून करावी. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसली की एसएमपीएस गेला असे अनेकजण ठरवून टाकतात. पण संगणक रीतसर बंद न होता थांबला, एवढेच ती सांगते. वीज गेली तरी, कोणी बटण दाबून धरले तरी हीच नोंद पडते. ‘व्हीया-लॉगर’च्या (WHEA-Logger) नोंदी अधिक कामाच्या, कारण प्रोसेसर, मेमरी किंवा स्लॉटमधल्या कार्डाने स्वतः कळवलेल्या चुका त्यांत असतात. दोष हार्डवेअरचा की सॉफ्टवेअरचा, याचा निवाडा करायला पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (डिस्कवर न बसवता चालणारी, विंडोजऐवजीची प्रणाली) चालवून पाहणे हा उत्तम उपाय आहे. त्यातही संगणक हँग होत असेल, तर विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही.

वीज आणि अर्थिंग

तपासणीचा क्रम विजेपासूनच सुरू व्हावा. वीजपुरवठा सदोष असताना लावलेला चांगला भागही जळू शकतो. आधी यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड बाजूला करून संगणक थेट भिंतीच्या सॉकेटला जोडावा; बॅटरी संपलेला यूपीएस वीज क्षणभर गेली तरी संगणक पाडतो.

भारतीय घरांत एक तक्रार वारंवार येते : कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. बहुतेक वेळा यात मदरबोर्डाचा काही संबंध नसतो. एसएमपीएसच्या आत, विजेतला गोंगाट गाळण्यासाठी, फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून धातूच्या पेटीपर्यंत छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यांतून झिरपणारा अत्यल्प प्रवाह जमिनीत निघून जातो. तिसरी पिन नुसती नावाला असेल, तर कॅबिनेट २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहते. टेस्टर लावल्यास दिवा मंद पेटतो. अशा वेळी वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेणे हीच दुरुस्ती आहे. त्याआधी टीव्ही किंवा प्रिंटरची केबल चालू संगणकाला जोडू नये. त्या क्षणी पोर्ट जळण्याचा धोका असतो. अर्थिंग ठीक असूनही एमसीबी पडत असेल, तर मात्र एसएमपीएसमध्येच शॉर्ट असल्याचा संशय धरावा.

१९९५ साली इंटेलने आणलेल्या एटीएक्स रचनेत एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्ट पुरवतो आणि प्रत्येकात ५ टक्क्यांपर्यंतच फरक चालतो. म्हणजे मल्टिमीटरवर १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ च्या दरम्यान दिसायला हवी. २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार काळ्या तारेला जोडली की एसएमपीएस मदरबोर्डाशिवाय सुरू होतो. दुकानात हीच चाचणी करून ‘पंखा फिरतोय, एसएमपीएस ठीक आहे’ असे सांगतात. हा निष्कर्ष अपुरा आहे. भार नसताना अचूक व्होल्टेज देणारा एसएमपीएस भार पडताच कोसळू शकतो, म्हणून मोजमाप संगणक कामात असतानाच घ्यावे. एसएमपीएसची पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. तिच्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

संगणक अगदीच निपचित असेल, तर कॅबिनेटचे बटणही तपासावे. मदरबोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्यावर संगणक सुरू झाला, तर दोष त्या बटणाचा किंवा त्याच्या तारेचा.

नो डिस्प्ले

पंखे फिरतात पण पडद्यावर काही येत नाही, या अवस्थेला दुरुस्तीच्या धंद्यात ‘नो डिस्प्ले’ म्हणतात. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या पोर्टला लागली आहे का, हे प्रथम पाहावे. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरांत चित्र तयार करणारा भागच नसतो, तेव्हा त्या पोर्टमधून काही येणार नाही. डीडीआर५ रॅम नव्याने बसवल्यावर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटे पडदा काळा राहतो. घाबरून वीज बंद केली तर पुढच्या वेळी तेच पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

सुरू होताना संगणक स्वतःची तपासणी करतो. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून ही सोय आहे. अडथळा पडद्यावर दाखवणे शक्य नसेल तर तो बीपने कळवला जातो. मात्र बीपचा अर्थ बायोस (संगणक सुरू करणारा, मदरबोर्डावरचा प्रोग्रॅम) कोणत्या कंपनीचा आहे त्यावर ठरतो : अवॉर्ड बायोसमध्ये एक छोटा बीप म्हणजे सगळे ठीक, तर जुन्या एएमआय बायोसमध्ये एक बीप म्हणजे मेमरीची गडबड. म्हणून मॅन्युअल पाहिल्याशिवाय बीपवरून काही ठरवू नये. हल्ली मदरबोर्डासोबत बझर सहसा येत नाही. त्याऐवजी अनेक बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट असे चार छोटे दिवे असतात. जो दिवा पेटून राहतो, तिथे गाडी अडली आहे.

एवढ्याने न भागल्यास वजाबाकीचा मार्ग घ्यावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कारागिराकडे खणभर चालू भाग असतात. तो संशयित रॅम काढून चालू रॅम लावतो आणि दोन मिनिटांत मोकळा होतो. घरी सुटे भाग नसतात, त्यामुळे भाग कमी करत जावे लागते. मदरबोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एकच पट्टी एवढेच ठेवून बाकी सगळे सोडवावे. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही ठेवावे लागेल. एवढ्यावर डिस्प्ले आला, तर एकेक भाग परत जोडायचा आणि प्रत्येक वेळी सुरू करून पाहायचे. एका वेळी एकच बदल, हा नियम इथे मोडता कामा नये. घाईत दोन गोष्टी बदलल्या आणि संगणक चालू झाला, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

रॅम

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बंद पडलेले कितीतरी संगणक रॅम काढून पुन्हा बसवल्यावर सुरू होतात. पट्टीच्या संपर्कांवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. दमट, खाऱ्या हवेत त्याखालच्या धातूला गंज धरतो, धूळ बसते आणि संपर्क अर्धवट तुटतो. पट्टी बसवताना होणाऱ्या घर्षणानेच तो थर खरवडला जातो. संपर्क मऊ पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून कण ब्रशने झटकावेत; शाईच्या खरखरीत खोडरबराने मुलामाच निघतो. हे करताना प्लग काढलेला असावा, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज उतरवावी, आणि पट्टी उचलण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात अंगावरची स्थिर वीज हा खरा धोका आहे.

मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा मोफत प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवता येतो. त्याआधी बायोसमधले एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारी सोय) बंद करावे, नाहीतर वाढवलेल्या वेगामुळे येणारी चूक पट्टीच्या माथी बसते. एकही चूक निघाली तरी ती गंभीर मानावी. मग प्रत्येक पट्टी एकटी तपासायची. एकच पट्टी सगळ्या स्लॉटमध्ये चुकत असेल, तर ती खराब. सगळ्या पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये चुकत असतील, तर दोष मदरबोर्डाचा किंवा प्रोसेसरच्या सॉकेटचा.

संगणक दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडतो आणि थंड झाल्यावर नीट चालतो, असे असेल तर उष्णता पाहावी : थांबलेला पंखा, जाळीत साचलेली धूळ, प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट. जुन्या बोर्डांवर फुगलेले कपॅसिटर नुसत्या डोळ्यांना दिसतात. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या बोर्डांत हा दोष जगभर पसरला होता. दर वेळी घड्याळ मागे जात असेल, तर सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल बदलावा.

डिस्क

डिस्कबाबत क्रम उलटतो : आधी डेटाची प्रत, मग निदान. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिला स्मार्ट म्हणतात आणि ती क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये वाचता येते. हार्ड डिस्कच्या नोंदीत ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांचे आकडे वाढत असतील, तर तिचा पृष्ठभाग खराब होतो आहे. १९९ वाढत असेल तर पहिला संशय डिस्क मदरबोर्डाला जोडणाऱ्या साटा केबलवर घ्यावा. पण स्मार्ट स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहू नये. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये आपल्या १ लाखाहून अधिक हार्ड डिस्कची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये स्मार्टच्या चार प्रमुख निर्देशकांपैकी एकानेही आधी इशारा दिलेला नव्हता. एसएसडी तर कुरकुर न करता एका सकाळी बायोसमधून नाहीशी होऊ शकते.

अशा आजारी डिस्कवर ‘चेक डिस्क’ चालवू नये. ती दुरुस्तीची आज्ञा आहे. ती डिस्कवर लिहिते आणि खराब जागा पुन्हा पुन्हा वाचायला लावते. लिनक्समधला डीडीरेस्क्यू याउलट वागतो : नीट वाचता येणारा भाग आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवतो आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळतो. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर तेही करू नये. वीज लगेच बंद करावी आणि डेटा मोलाचा असल्यास डिस्क न उघडता डेटा रिकव्हरीचे काम करणाऱ्यांकडे सोपवावी.