औषध पचवणारं पोट

तीच कीड, तेच औषध, तेच प्रमाण. गेल्या हंगामात मेली, यंदा मरत नाही. याचं नेहमीचं उत्तर असं, की फवारणीतून चिवट किडे तेवढे वाचतात, त्यांची पिल्लंही चिवट निघतात आणि काही पिढ्यांत सगळी कीडच औषधाला दाद देईनाशी होते. उत्तर बरोबर आहे. पण जपानमधल्या एका ढेकणाला एवढा धीर धरावा लागत नाही.

रिप्टॉर्टस पेडेस्ट्रिस हा ढेकूण सोयाबीनच्या शेंगेत सोंड खुपसून दाण्याचा रस ओढतो. त्याच्या आतड्याच्या एका भागात इवल्याशा कप्प्यांच्या रांगा असतात आणि त्यांत बर्कहोल्डेरिया गटातले जिवाणू कोट्यवधींनी नांदतात. ते असले की ढेकूण लवकर वाढतो, अंगानेही थोराड होतो. मावा किंवा पांढऱ्या माशीला असे सोबती आईकडूनच मिळतात. हा मात्र कोरा जन्मतो आणि पिल्लू असताना ते मातीतून गिळतो. मातीत जिवाणू तर असंख्य जातींचे, मग आत नेमके हेच कसे शिरतात? कप्प्यांच्या आधी आतडं इतकं निमुळतं होतं, आणि ती वाट अशा चिकट द्रवाने भरलेली असते, की अन्नसुद्धा पुढे सरकत नाही. शेपटीच्या जोरावर तो चिकटा कापत जाणारे हे जिवाणू तेवढे पार होतात.

आता या मातीत फेनिट्रोथिऑन हे कीटकनाशक पुन्हा पुन्हा पडलं तर? ते खाऊन जगणारे बर्कहोल्डेरिया तिथे माजतात. योशितोमो किकुची आणि सहकाऱ्यांनी 2012 साली दाखवलं, की असे जिवाणू पोटात गेलेला ढेकूण त्या औषधाला पुरून उरतो. पिढ्या लागतच नाहीत, एक घोट पुरतो! माझ्या मते यातली खरी बोचरी गोष्ट वेगळीच आहे. शेतात हा ढेकूण आलेलाही नसतो, तेव्हाच्या फवारण्या त्याची सोय करून ठेवू शकतात. आणि हा नुसता प्रयोगशाळेतला खेळ नव्हे. जपानच्याच मिनामी-दाइतो बेटावरच्या उसात, दुसऱ्याच एका ढेकणाच्या पोटात, औषध फोडणारे असे जिवाणू सापडले आहेत.

आपल्या ओळखीच्या माव्याचं तर जिवाणूंवाचून पानच हलत नाही. झाडाच्या रसात साखर भरपूर, पण प्रथिनं बनवायला गरजेची अमिनो आम्लं अगदी तुटपुंजी. जास्तीची साखर मावा बाहेर टाकतो. ज्वारीच्या पानांवरचा चिकटा तो हाच. अमिनो आम्लांची उणीव बुकनेरा नावाचा जिवाणू भरून काढतो. प्रतिजैविक देऊन तो मारला, की मावा खुरटतो आणि त्याची वीणही थांबते. म्हणून कोणी शेतात प्रतिजैविकं फवारायला निघू नये. मातीतल्या उपयोगी जिवाणूंचाही त्यात बळी जाईल.

वाटाण्यावरच्या माव्यात कधीकधी हॅमिल्टोनेला हा आणखी एक पाहुणा असतो. मित्रकीटक म्हणून आपण ज्यांना मानतो, त्या चिमुकल्या गांधीलमाश्या माव्याच्या अंगात अंडी घालतात. हॅमिल्टोनेला असला की त्यांची पिल्लं बहुधा आतच मरतात. आणि त्यांना मारणारं विष मुळात हॅमिल्टोनेलाचंही नाही. ते त्याच्या आत दडलेल्या एका विषाणूचं आहे. विषाणू गळून गेला, की जिवाणू असूनही माव्याला संरक्षण उरत नाही.