थंडीत छोट्या इलेक्ट्रिक गाडीची रेंज जाते कुठे?

मागच्या जानेवारीतली गोष्ट, सकाळचे पावणेसात, फोनवर उणे २४ दाखवत होतं. आम्ही राहतो कॅनडात, ब्रॉसार्डला, म्हणजे मॉन्ट्रियलच्या समोर, सेंट लॉरेन्स नदीच्या या काठाला. चार्जरची केबल काठीसारखी ताठ झालेली, प्लगच्या बटणावर बर्फाचा पापुद्रा, हातमोज्यातल्या मुठीने दोन-तीनदा हलकं ठोकलं तेव्हा कुठे सुटला. पण दार उघडून आत बसलो तर काच स्वच्छ, सीट गरम, स्टिअरिंग गरम, कारण सव्वासहापासून हीटर भिंतीतल्या विजेवर चालू होता. पलीकडे शेजारी अजून काच खरवडतच होते. डॅशबोर्डवर चार्ज १०० टक्के आणि रेंजचा अंदाज १४० किलोमीटर. हीच गाडी, हीच बॅटरी, जुलैमध्ये २५० दाखवते. मग हे ११० किलोमीटर गेले कुठे, हा प्रश्न मला इथे येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, आणि भारतातून फोनवर भाऊ तर दरवर्षी विचारतो. त्याचं उत्तर नीट समजून घेतलं की छोटी, स्वस्तातली इलेक्ट्रिक गाडी थंड देशात घ्यावी की नाही ते बरंचसं आपलं आपल्यालाच ठरवता येतं.

गाडी आहे २०१८ ची निसान लीफ, सेकंडहँड, बॅटरी ४० युनिटची. युनिट म्हणजे आपल्या लाइट बिलावरचंच युनिट, एक किलोवॅट-तास. अमेरिकेच्या सरकारी चाचणीत हिची रेंज २४३ किलोमीटर आहे.

आता पेट्रोल गाडीकडे बघा. पेट्रोलमधल्या ऊर्जेतला साधारण पाव, फार तर एक तृतीयांश हिस्सा चाकांपर्यंत पोचतो, बाकी सगळी उष्णता होऊन जाते. म्हणजे इंजिन हा एक चालता-फिरता बंबच आहे, त्यातली थोडी ऊब पंख्याने आत सोडली की झाला हीटर, वेगळा खर्च काही नाही. इलेक्ट्रिक मोटर बॅटरीतून घेतलेल्या विजेपैकी ९० टक्क्यांच्या आसपास वीज थेट फिरण्यात लावते, त्यामुळे ती तापतच नाही म्हटलं तरी चालेल, आणि उन्हाळ्यात जो तिचा मोठा गुण तीच हिवाळ्यात अडचण होते, कारण ऊब हवी तर ती बॅटरीतूनच विकत घ्यावी लागते. गारठलेली गाडी तापवताना हीटर सुरुवातीला चार-पाच किलोवॅट खेचतो, म्हणजे पुण्यातल्या घरचे दोन-अडीच गीझर एकदम लावल्यासारखं. नंतर तीन किलोवॅटच्या आसपास राहतो, थंडी किती त्यावर.

एक दिवस मी हिशोब करून बघितला. माझं ऑफिस १७ किलोमीटरवर, मध्ये सॅम्युएल दे शाम्प्लेन पूल. रस्ता मोकळा असेल तर वीस मिनिटं, त्यात हीटरला लागतं साधारण १ युनिट आणि चाकांना अडीच. त्या दिवशी बर्फाचं वादळ होतं, पुलावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या, पोचायला दीड तास लागला. चाकांना तेवढंच अडीच युनिट, पण हीटरला साडेचार! म्हणजे गाडीने त्या दिवशी मला नेण्यापेक्षा मला ऊब देण्यात जास्त वीज घातली. हीटर किलोमीटर मोजत नाही, तो तास मोजतो. म्हणून थंडीत रेंज अमुक टक्के कमी होते असा एकच आकडा कोणी सांगितला तर मी आधी विचारतो की किती वेगाने आणि किती वेळ चालवली.

अमेरिकेतली ट्रिपल ए ही वाहनचालकांची जुनी संघटना, त्यांनी २०१९ मध्ये पाच इलेक्ट्रिक गाड्या प्रयोगशाळेत तपासल्या होत्या, त्यात २०१८ ची लीफसुद्धा होती. उणे ७ ला हीटर बंद ठेवून रेंज सरासरी १२ टक्के कमी झाली, आणि हीटर लावल्यावर ४१ टक्के. एवढ्या एका जोडीत सगळी गोष्ट आली. नुसत्या थंडीचा फटका लहान, मोठा फटका आपल्याला लागणाऱ्या उबेचा.

पेट्रोल गाडीलाही थंडी सोडत नाही हे मात्र लोक विसरतात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीप्रमाणे उणे ७ ला शहरात पेट्रोल गाडीचं मायलेज २५ अंशांच्या मानाने १५ टक्क्यांच्या आसपास घसरतं, अगदी छोट्या फेऱ्यांमध्ये २४ टक्क्यांपर्यंतही. काही कारणं दोन्हीकडे सारखीच आहेत. थंड हवा दाट असते, उणे २० ची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १६ टक्के जड, तेवढा हायवेवर अडथळा जास्त. दर साडेपाच-सहा अंशांना टायरमधली हवा १ पीएसआयने उतरते. आणि आमच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच लावावे लागतात, ते मऊ रबराचे असल्याने पकड उत्तम पण चाक जरा जड फिरतं.

आता बॅटरीच्या आत काय होतं ते. हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली थिजलेली आपण सगळ्यांनीच बघितली आहे, आंघोळीच्या आधी गरम पाण्यात धरून ठेवायची. लिथियम-आयन सेलमधला द्रव असा पूर्ण थिजत नाही पण दाट होतो, त्यातून लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सावकाश सरकतात, आणि चार्ज होताना ते सेलच्या ज्या टोकाला जाऊन साठतात तिथल्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरायलाही त्यांना वेळ लागतो. बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, तिच्यातली थोडी वीज तिच्यातच उष्णता होऊन जाते. वीज बाहेर देणं तिला तरी जमतं, खरी पंचाईत वीज आत घेताना. शून्याखाली जोरात चार्ज केलं तर आयनांना ग्रॅफाइटच्या आत शिरायला फुरसत मिळत नाही आणि ते वरच धातूचा लेप होऊन बसतात. तो लिथियम बराचसा कायमचा वाया जातो, आणि लेप सुईसारखा वाढत गेला तर आत शॉर्टसर्किटची भीती. म्हणून गाडीचा कॉम्प्युटर थंड बॅटरीला मुद्दाम हळू चार्ज करतो. हे तुम्हाला दोन ठिकाणी दिसेल. एक, सकाळी ब्रेक मारताना गाडी वीज परत घेते ते जवळजवळ बंद असतं, एक्सिलरेटर सोडला तरी गाडी नेहमीसारखी रोखली जात नाही, पहिल्यांदा मी चांगलाच दचकलो होतो. दोन, फास्ट चार्जर. उन्हाळ्यात ४५ किलोवॅटने चार्ज होणारी माझी गाडी उणे १८ ला, तासभर बाहेर उभी राहिल्यावर, १६ च्या वर गेली नाही. बाहेर रांग, आत मी आणि मुलगी, आणि आकडा हलेना. चार्जर बिघडलाय असंच वाटत होतं, पण चार्जरचा काही दोष नव्हता, बॅटरी गार होती.

महागड्या गाड्यांमध्ये बॅटरीभोवती द्रव फिरवून तिला गरम-गार ठेवतात, शेव्हरोले बोल्टसारख्या स्वस्तातल्या गाडीतही ते आहे. माझ्या लीफमध्ये नाही. तिच्यात एक लहानसा वॉर्मर आहे, बॅटरी साधारण उणे १७ पर्यंत उतरली की आपोआप सुरू होतो आणि उणे १० च्या आसपास बंद. म्हणजे तो बॅटरीला आरामात ठेवायला नाही, गोठण्यापासून वाचवायला आहे. म्हणूनच कडाक्याच्या थंडीत गाडी प्लगला लावून ठेवायची, चार्ज भरलेला असला तरी. मी अजून एक करतो, रात्री आल्या आल्या चार्जिंग सुरू करत नाही, टायमर असा लावतो की सकाळी साडेसहाला संपेल. चार्ज होताना बॅटरी स्वतःच थोडी तापते, ती ऊब मग निघताना कामाला येते. आणि गाडी तापवायचं काम प्लग काढायच्या आधी, कारण सगळ्यात मोठा खर्च त्या पहिल्या पंधरा मिनिटांचा असतो.

हीट पंप असेल तर फार बरं. तो म्हणजे उलटा फ्रीज, बाहेरच्या हवेतली ऊब गोळा करून आत आणतो, त्यामुळे शून्याच्या आसपास १ युनिट विजेत २-३ युनिटांची ऊब देतो. उणे १५-२० ला मात्र बाहेर गोळा करण्यासारखं फारसं उरत नाही आणि साधा हीटरच मदतीला घ्यावा लागतो. सीट हीटरला कोणी भाव देत नाही, पण तो जेमतेम ५०-७५ वॅट घेतो आणि थेट पाठीला ऊब देतो. हवा तापवण्याऐवजी माणूस तापवा, माझं हिवाळ्याचं निम्मं गणित यावरच चालतं.

बर्फात अडकलो तर काय, ही भीती अगदी खरी आहे. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या आय-९५ हायवेवर शेकडो गाड्या बर्फात अडकल्या, काही लोक चोवीस तासांच्या वर, आणि तेव्हापासून हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडी आहे. उभ्या गाडीत एकदा आतली हवा तापली की हीटर मंद ठेवून, सीट हीटर लावून दीड-दोन किलोवॅटमध्ये भागतं. बॅटरीत २० युनिट असतील तर दहा-बारा तास. शिवाय पेट्रोल गाडीचा सायलेन्सर बर्फात बुजला आणि इंजिन चालू राहिलं तर कार्बन मोनॉक्साइड आत येऊन माणसं मरतात, अशा बातम्या इकडे वादळानंतर येतात, तो धोका इलेक्ट्रिक गाडीत नाही. पण २० युनिट असतील तर! मी हिवाळ्यात ५० टक्क्यांच्या खाली गाडी घेऊन वादळात निघत नाही, आणि डिकीत ब्लँकेट ठेवतोच.

अजून एक, आणि हे सेकंडहँड घेणाऱ्यांनी नीट वाचा. हिवाळ्यात गेलेली रेंज एप्रिलमध्ये परत येते. उष्णतेत गेलेली परत येत नाही. सेलमधल्या नको त्या रासायनिक क्रिया उष्णतेत वेगाने होतात आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. २०१२ मध्ये ॲरिझोनातल्या लीफ मालकांच्या तक्रारी गाजल्या होत्या त्या याच, वाळवंटातल्या उन्हाने बॅटऱ्या भराभर म्हाताऱ्या झाल्या. त्या मानाने थंड भागात चाललेली जुनी लीफ बऱ्याचदा चांगली निघते. म्हणून भाऊ नागपूरहून माझी काळजी करतो तेव्हा मी त्याला सांगतो, तुझ्या मे महिन्याची मला जास्त काळजी वाटते, गाडी सावलीत लाव आणि १०० टक्के भरून उन्हात उभी ठेवू नकोस.

आता घ्यायची की नाही. घरी किंवा पार्किंगमध्ये स्वतःचा प्लग असेल आणि रोजची धाव ६०-७० किलोमीटरच्या आत असेल तर बिनधास्त घ्या. इथे क्वेबेकमध्ये घरगुती वीज मुख्यतः धरणांची, पहिल्या टप्प्यात साधारण ७ सेंट युनिट, त्यामुळे भर थंडीत १०० किलोमीटरला २७ युनिट लागले तरी दोन डॉलरच्या आतच. स्वतःचा प्लग नसेल तर छोट्या बॅटरीची गाडी थंड देशात घेऊ नका, असं मी जवळच्या दोन कुटुंबांना स्पष्ट सांगितलं आहे. गार बॅटरी घेऊन दर दोन दिवसांनी सार्वजनिक चार्जरवर ताटकळणं लहान मुलं असलेल्या घराला झेपत नाही.

जुनी लीफ बघायला गेलात तर डॅशबोर्डच्या उजव्या कडेला बारक्या १२ पट्ट्या असतात, त्या मोजा. त्या चार्जच्या नाहीत, बॅटरीच्या तब्येतीच्या आहेत, पहिली पट्टी क्षमता साधारण १५ टक्के घटल्यावर जाते. अशा लीफला फास्ट चार्जिंगसाठी शाडेमो नावाचा प्लग लागतो, उत्तर अमेरिकेत तो कमी होत चाललाय, तेव्हा आपल्या रस्त्यावर कुठे कुठे आहे ते आधी बघून ठेवा. आणि बॉनेट उघडून १२ व्होल्टची साधी बॅटरी किती जुनी आहे ते विचारा. मोठी बॅटरी शंभर टक्के भरलेली असली तरी गाडी जागी करायचं काम या छोटीचं, थंडीत ती आधी मान टाकते, माझी तिसऱ्या हिवाळ्यात गेली तेव्हा त्याच शेजाऱ्यांच्या पेट्रोल गाडीवरून जंप देऊन सुरू करावी लागली.